शेती शिकले अमेरिकेत, पिकली मेक्सिकोत : डॉ. खानखोजेंची गोष्ट

एकोडी : परदेशात शिकायला जायचं म्हणणारी पोरं आता धानपट्ट्यातल्या गावांतही दिसतात. त्यांनी आपल्या विदर्भातल्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची वाट माहीत करून घ्यावी.

वर्ध्यात जन्मलेले खानखोजे ऐन तरुणपणी इंग्रज सरकारची नजर चुकवून देशाबाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिका. देश सोडवायचा म्हणून ते तिथं लष्करी शिक्षण शिकलेच, पण देश सुटल्यावर लोकांना खायला लागेल, हेही त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत त्यांनी शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं.

१९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. खानखोजे तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक. त्यापायी मायदेशाचं दार बंद झालं. शेवटी १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली.

देश स्वतंत्र झाला, तरी इंग्रजांच्या काळातली बंदी आडवी आली. परतीची परवानगी आधी नाकारली गेली, मग मिळाली. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं.

जे ज्ञान विदर्भाच्या मातीसाठी घेतलं, ते उमेदीच्या वर्षांत परक्या मातीत पेरावं लागलं. आज शिकून परत यायला कुणाची बंदी नाही. खानखोजेंना ही मोकळीक मिळाली तेव्हा केस पांढरे झाले होते.