नोटेवरची सही

खिशातली कुठलीही नोट काढा, दहाची किंवा शंभरची. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. यूपीआयच्या जमान्यात नोट निरखून बघतो कोण, हेही खरंच! पण ही सही करायच्या खुर्चीत पहिला भारतीय माणूस बसला तो ११ ऑगस्ट १९४३ रोजी, आणि तो मराठी होता. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकील. पोरगा मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिपही त्यालाच. केंब्रिजला गेला तो सायन्स शिकायला. वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवलं. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला. म्हणजे देशाच्या तिजोरीचा हिशेब पुढं ज्यानं सांभाळला, तो कॉमर्सचा नव्हताच.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. आपला बुलडाणा जिल्हा तेव्हा याच प्रांतात, राजधानी नागपूर. देशमुखांनी इथं वीसेक वर्षं काढली आणि प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव झाले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं.

त्यांच्या वाट्याला काय आलं, हे समजायला खामगावच्या बाजारात चला. समजा तुमच्या बाबांनी कापूस विकला आणि व्यापाऱ्यानं रोख पैसे न देता चिठ्ठी दिली: भांडण मिटलं की देतो. घरात तर पैसा हवाच. मग बाबांनी त्या चिठ्ठीच्या भरवशावर स्वतःच्या दहा चिठ्ठ्या लिहिल्या आणि गावात चालवल्या. चिठ्ठ्या वाढल्या, पण कापूस तर बाहेर गेलेला. गावात माल कमी, कागद जास्त. भाव चढणारच.

युद्धात ब्रिटननं भारताशी हेच केलं. धान्य, कापड, शस्त्रं इथून गेली. मोबदला लंडनमध्ये पौंडांच्या रूपात आपल्या नावावर जमा होत राहिला. याला म्हणतात स्टर्लिंग शिल्लक. त्या शिल्लकीच्या आधारावर इथं रिझर्व्ह बँक नोटा छापत गेली. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा साधारण सहापट झाल्या. पुस्तकात ज्याला चलनवाढ म्हणतात ती ही. देशमुख गव्हर्नर झाले त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. त्याला कारणं बरीच होती, पण महागाई त्यातलं मोठं. नोटेवर सही देशमुखांची, पण किती नोटा लागणार हे ठरत होतं युद्धाच्या खर्चावर, म्हणजे लंडनमध्ये.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया तिथं घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते, मात्र प्रमुख होता इंग्रज. भारताची मागणी साधी होती: आमचे अडकलेले पौंड थोडेथोडे तरी डॉलरमध्ये बदलून मिळावेत, म्हणजे हवी तिथून यंत्रं घेता येतील. पैसा दुसऱ्या चलनात बदलता येणं, हीच ती परिवर्तनीयता. मागणी फेटाळली गेली. हा दोन देशांचा आपसातला मामला ठरवला. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा तेवढा मिळाला. युद्ध संपलं तेव्हा ही उधारी १३० कोटी पौंडांच्या आसपास होती. पुढं सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाचं तीस टक्क्यांनी अवमूल्यन केलं. उरलेल्या शिल्लकीची डॉलरमधली किंमत त्याच दिवशी तेवढी घसरली. एवढं राबून साठवलेलं, एका घोषणेत गेलं.

नोटबंदी म्हटलं की आपल्याला २०१६ च्या रांगा आठवतात. पण जानेवारी १९४६ मध्येही ५००, १००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या होत्या. काळा पैसा बाहेर काढायची ही योजना सरकारची. गव्हर्नर देशमुख तिच्याबद्दल फारसे उत्साही नव्हते. अंमलबजावणी मात्र त्यांच्याच बँकेला करावी लागली. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी १३५ कोटींच्या बदलून घेतल्या गेल्या. बाहेर राहिल्या ९ कोटींच्या.

स्वातंत्र्यानंतर फाळणीत बँकेची वाटणी झाली, १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. १९५० मध्ये देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले आणि ठरवणारी खुर्ची पहिल्यांदा त्यांच्याकडं आली. ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्यानं घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन, बँकांचा एक रुपयाही पूर्ण नाही. बाकी बहुतेक सावकार आणि व्यापाऱ्यांचे. १ जुलै १९५५ ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायची या अटीवर. पुढच्या वर्षी आयुर्विमा सरकारी झाला, एलआयसी आली.

आणि मग मुंबई. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, गोळीबारात माणसं मरत होती, चौकशी होत नव्हती. मुंबई केंद्राकडं ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता झाला, असा देशमुखांचा आक्षेप. कुलाब्याचे ते खासदार. जुलै १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत उभं राहून हे सगळं सांगितलं आणि अर्थमंत्रिपद सोडलं. इंग्रजांच्या काळात मनाविरुद्धची कामंही निमूट करणारा हा माणूस स्वतःच्या सरकारात मात्र थांबला नाही. त्याच नोव्हेंबरात आपला बुलडाणा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

पुढं ते यूजीसीचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, हरले. कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादेत गेले. आजोबांच्या जुन्या पेटीत सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली एखादी पाच-दहाची नोट सापडली तर सही नीट बघा; त्यांची असू शकते.