जेम्स विल्सन आणि आयकर

आपण जो आयकर भरता, तो हिंदुस्थानात प्रथम आणणारे जेम्स विल्सन १८०५ साली स्कॉटलंडमधील हॉइक येथे क्वेकर ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. टोप्यांच्या धंद्यातील बरीच कमाई निळीच्या सट्ट्यात गमावूनही ते खचले नाहीत; १८४३ मध्ये त्यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक काढले. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिती झाली, तेव्हा अर्थसदस्य म्हणून त्यांनी १८६० मध्ये कलकत्त्यात वार्षिक दोनशे रुपये वा अधिक उत्पन्नावर कर सुचवला. सर्वत्र असंतोष उसळला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी जाहीर विरोध करून आपले पद गमावले. विल्सन ढळले नाहीत. जुलैत कायदा झाला. ११ ऑगस्टला आमांशाने त्यांचे देहावसान झाले. त्यांचा निर्धार वंदनीय खरा. परंतु ज्यांच्याकडून घ्यावयाचे, त्यांची संमती विचारणे न्यायाचे नव्हते काय?