पुण्याचे ज्योतिर्विद प्रो. कावसजी दादाभाई नायगामवाला

मुळशीच्या खोऱ्यांत पावसाळा सरून ताम्हिणी घाटावरील ढग विरले, म्हणजे हिवाळ्याच्या रात्रीं मृग नक्षत्र किती तेजस्वी दिसतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मृगाच्या पोटांत शिरलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं एक पुसट, धुरकट ठिपका आहे. त्यास ज्योतिषी मृगांतील तेजोमेघ म्हणतात. या ठिपक्याचें स्वरूप काय, या प्रश्नावर युरोपांतील थोर पंडितांत वाद माजला असतां, पुण्यास राहून त्या वादांत भरंवशाची साक्ष देणारे एक अध्यापक होऊन गेले. ज्यांच्या घरीं नवी दुर्बीण आली आहे आणि तिला पहिलें उंची नेत्रभिंग कोणतें घ्यावें या विवंचनेंत जे आहेत, त्यांस या गृहस्थांचें चरित्र विशेष बोधप्रद होईल.

कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा जन्म १८५७ सालीं पारशी समाजांत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १८७८ सालीं पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते एम्. ए. झाले व चॅन्सेलरच्या पदकाचे मानकरी ठरले. १८८२ सालीं त्याच कॉलेजांत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. त्याच वर्षीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं कॉलेजास भेट दिली. प्रकाशाचें पृथक्करण करण्याची प्रयोगशाळा असावी ही तरुण अध्यापकाची इच्छा महाराजांस पटली व त्यांनीं ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेंही तितकीच भर घातली.

१८८४ सालीं उपकरणें खरेदी करण्यासाठीं नायगामवाला इंग्लंडास गेले. तेथील ज्योतिर्विदांनीं, विशेषतः नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनीं, त्यांस सल्ला दिला कीं, नुसत्या प्रयोगशाळेपेक्षां ताऱ्यांच्या प्रकाशाचें पृथक्करण करणारी वेधशाळाच उभारावी. तो त्यांनीं मानला. वेधशाळेस मुंबईपेक्षां पुण्याची हवा बरी म्हणून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारांत ती उभारण्याचें ठरलें, व १८८८ सालीं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सिद्ध झाली. डब्लिन येथील ग्रब या नामांकित कारागिराच्या कारखान्यांतून तिच्यासाठीं आरशाची दुर्बीण आली. पुढें या वेधशाळेची २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण कित्येक दशकें हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दुर्बिणीचा आरसा किंवा पुढचें मोठें भिंग प्रकाश गोळा करतें व दूरच्या वस्तूची प्रतिमा पाडतें. परंतु त्या प्रतिमेंतून काय वाचावयाचें, हें डोळ्याच्या टोंकास जोडलेल्या साधनावर अवलंबून असतें. आपण तेथें नेत्रभिंग लावून प्रतिमा मोठी करून पाहतों. नायगामवाला यांनीं तेथें वर्णपटदर्शक यंत्र लावलें. त्यायोगें प्रकाशाचे रंग पृथक् होतात व कोणत्या पदार्थापासून तो निघाला हें त्यांतील रेषांवरून कळतें.

विल्यम हगिन्स यांस १८६४ सालीं एका तेजोमेघाच्या प्रकाशांत एक हिरवी रेषा आढळली होती. अशीच रेषा मृगांतील मेघांतही दिसे. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाशीं जुळेना. लॉकियर यांनीं प्रतिपादिलें कीं, तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याचा अवशेष आहे. हा पट्टा एका कडेस स्पष्ट व दुसऱ्या कडेस हळूहळू विरत जाणारा असतो. तेव्हां सगळा वाद एका गोष्टीवर येऊन ठेपला: ती रेषा दोन्ही कडांनीं रेखीव आहे, कीं एका बाजूस पुसट आहे?

येथें साधनाची निवड फार महत्त्वाची होती. यंत्राची फट रुंद ठेवली किंवा रंग पुरेसे फांकले नाहींत, तर चांगली रेषाही पसरट दिसते. उलट रंग फार फांकवले तर प्रकाश इतका मंद होतो कीं रेषा दिसेनाशी होते. नायगामवाला यांनीं रंग पुष्कळ फांकविणारें यंत्र वापरून, परिस्थिति बदलून बदलून, ती रेषा तपासली, आणि १८९१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, ती प्रत्येक वेळीं बारीक व रेखीवच दिसते. ज्या लॉकियर यांच्या सल्ल्यानें वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांतास हा निष्कर्ष प्रतिकूल होता. लॉकियर यांचें वजन मोठें. पुण्याचा अध्यापक वयानें तरुण, वेधशाळा नवी. तरीही जें दिसलें तेंच त्यांनीं लिहिलें. पुढें १९२७ सालीं अमेरिकेंतील बोवेन यांनीं दाखविलें कीं, अतिविरळ वायूंतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या अणूंपासून ती रेषा निघते. मॅग्नेशियमचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता.

२२ जानेवारी १८९८ रोजीं महाराष्ट्रांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. लॉकियर विजयदुर्गास उतरले होते. नायगामवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तेथेंच आली होती. या मोहिमेचा त्यांचा वृत्तांत १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. १९१२ सालीं ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागें वेधशाळाही बंद पडून तिचीं यंत्रें कोडईकनाल येथें रवाना झालीं. तेथें ती मोठी दुर्बीण भावनगर दुर्बीण या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९३८ सालीं नायगामवाला यांचें देहावसान झालें.

या चरित्रापासून नवी दुर्बीण घेणाऱ्यानें काय शिकावें? अधिक मोठें म्हणजे अधिक स्पष्ट नव्हे, हें पहिलें. दुर्बिणीच्या केंद्रांतरास नेत्रभिंगाच्या केंद्रांतरानें भागलें असतां वस्तु किती पट मोठी दिसेल तें कळतें. समजा, आरसा १३० मिलिमीटर व्यासाचा व केंद्रांतर ६५० मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटरच्या नेत्रभिंगानें २६ पट, १३ च्या भिंगानें ५० पट व ४ च्या भिंगानें सुमारें १६२ पट वस्तु दिसेल. मुलांची ओढ शेवटल्याकडे असते. परंतु पट जसजशी वाढते तसतशी प्रतिमा मंद होते व हवेची थरथरही तितकीच मोठी दिसते. म्हणून पहिलें उंची नेत्रभिंग मधल्या पटीचें, विस्तृत क्षेत्र दाखविणारें व कडेपर्यंत तारे बिंदूवत् ठेवणारें असावें. त्यांतून मृगांतील मेघ, कृत्तिका व गुरूचे चंद्र असे सर्व समाधानानें पाहतां येतात. चष्मा लावणाऱ्यानें डोळा भिंगापासून किती दूर ठेवतां येतो हें आधीं पाहावें. आणि आपल्या दुर्बिणीची नळी सव्वा इंची कीं दोन इंची, हें मोजल्यावांचून पैसे देऊं नयेत.

धरणाच्या कांठच्या दमट हवेंत भिंगांवर बुरशी धरते. तीं कोरड्या डब्यांत ठेवावीं व वाटेल त्या फडक्यानें पुसूं नयेत. सूर्याकडे मात्र दुर्बिणींतून कधींही पाहूं नये. क्षणांत दृष्टि जाते. पालकांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, सांभाळलेलें उत्तम नेत्रभिंग एका दुर्बिणीवरून दुसऱ्या दुर्बिणीवर जातें व मुलाच्या मुलासही उपयोगी पडतें. त्यावरील खर्च वायां जात नाहीं.

परंतु बाजारांत न मिळणारी एक वस्तु याहून मोलाची आहे. गुरुजनांचा आदर मनांत ठेवूनही जें दिसलें तेंच सांगण्याचा सत्यनिष्ठपणा नायगामवाला यांच्या ठायीं होता. ज्या परमेश्वरानें तारे निर्माण केले, त्याच्या कृतीकडे पाहतांना आमच्या विद्यार्थ्यांनींही हाच सत्यनिष्ठपणा अंगीं बाणवावा.