सायकलच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर



दहावी-बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आपल्या वडगावात माग चालवणारी, घरातच छोटा धंदा करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तरीही स्वतःचा धंदा काढायचा म्हटले की भांडवल कुठून आणणार, या विचारानेच आपण थांबतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या आणि बेळगावातच सुरुवात केलेल्या एका उद्योजकाची ही ओळख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न मोडले. ते खचले नाहीत. यंत्रांच्या रेखाचित्रांना रंग लागत नाहीत. ते त्याकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

नोकरी चालू असतानाच त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा त्या येथे विकत. सायकल त्या काळी नवलाची वस्तू होती. चालवता येत नसेल तर ती घेणार कोण? म्हणून रामूअण्णा लोकांना सायकल चालवायलाही शिकवीत. माल विकण्याआधी गिऱ्हाइकाची अडचण ओळखली पाहिजे, हा पहिला धडा येथे मिळतो. दुसरा धडा असा की धंद्याचा जम बसेपर्यंत पगार चालू होता.

पुढे नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले. तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावास आले आणि पूर्ण वेळ धंद्यात उतरले. आता त्यांनी शेतकऱ्याच्या गरजेकडे पाहिले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन खोल नांगरी. पण लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली! वस्तू चांगली असली तरी तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ तग धरण्याची सोय धंदा काढतानाच करून ठेवावी लागते.

नांगर खपू लागले, तोच कारखान्याची जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी झाली. जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. तीच आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरांच्या जोडीला पंपही तेथे तयार होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मुलांनो, धंदा काढायचा असेल तर आधी एखादे काम उत्तम शिका. ओळखीच्या गरजेपासून लहान सुरुवात करा. भागीदार विश्वासाचा निवडा, कामाची वाटणी स्पष्ट ठेवा आणि हिशेब रोजचा रोज लिहा.

पालकांनी आणि वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेळगावात आज किर्लोस्कर रोड आहे, कारखाना मात्र कुंडलच्या माळावर गेला. आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी छोटे वर्कशॉप काढू म्हणेल, तेव्हा त्याला निदान जागा आणि थोडा वेळ आपण देऊ या.