लहान वलयांचा निर्माता : विल्यम हेन्री पर्किन (धाकटे)

सहापेक्षा कमी कार्बन अणूंची वलये टिकू शकत नाहीत, अशी १८८०च्या दशकाच्या प्रारंभी बहुतेक रसायनतज्ज्ञांची समजूत होती. ही समजूत प्रयोगाने खोटी ठरविणारे विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचे होते.

१७ जून १८६० रोजी इंग्लंडमधील सडबरी येथे त्यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी १८५६ मध्ये पहिला यशस्वी कृत्रिम रंग, जांभळा ‘मॉव्ह’, शोधून मोठी कीर्ती मिळविली होती. लंडन व वुर्त्सबुर्ग येथील शिक्षणानंतर पर्किन १८८२ मध्ये म्युनिकला आडोल्फ फॉन बायर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. लहान वलयांच्या नादी लागू नये, असा ज्येष्ठांचा सल्ला होता. तो न मानता पर्किन यांनी मॅलॉनिक एस्टरच्या सोडियम संयुगावर ट्रायमिथिलीन ब्रोमाइडची क्रिया घडविली आणि १८८३ मध्ये चार कार्बन अणूंचे वलय मिळविले. पाठोपाठ एथिलीन ब्रोमाइड वापरून तीन अणूंचे वलयही हाती आले.

या वलयांचे अस्थैर्य बायर यांनीच १८८५ मध्ये उलगडले. कार्बनच्या बंधांमधील स्वाभाविक कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो. चौकोनात तो ९० आणि त्रिकोणात ६० अंशांवर येतो. बंध असे वाकल्याने ताण निर्माण होतो व वलय सहज तुटते. मोठ्या वलयांबाबत मात्र बायर यांचा अंदाज चुकला, कारण सर्व वलये सपाट असतात असे त्यांनी गृहीत धरले होते.

मायदेशी परतल्यावर पर्किन यांनी १८८७ पासून एडिंबरो, १८९२ पासून मँचेस्टर आणि १९१२ पासून ऑक्सफर्ड येथे अध्यापन केले. संगीत आणि बागकाम यांचीही त्यांना आवड होती. १७ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात तोच वाद पेनिसिलिनच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. या औषधाच्या रेणूत चार अणूंचे ताणलेले वलय असावे, हे ऑक्सफर्डमधील त्यांचे वारसदार आणि शिष्य रॉबर्ट रॉबिन्सन यांना पटत नव्हते. अखेर १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या वलयाचे अस्तित्व सिद्ध केले. जंतूंना नामोहरम करण्याचे पेनिसिलिनचे सामर्थ्य याच सहज तुटणाऱ्या वलयात आहे.