विश्लेषण : ‘क्वीन’चा सर्वोत्तम काळ कोणता? फ्रेडी मर्क्युरीची शेवटची चार वर्षे का महत्त्वाची?

ब्रिटिश रॉक बँड ‘क्वीन’च्या चाहत्यांत एक जुना वाद आहे. काहींच्या मते १९७५च्या आसपासचा, स्टुडिओत रमणारा बँड हाच खरा ‘क्वीन’. काहींना १९८०च्या दशकातला, लाखभर लोकांना एका तालावर नाचवणारा बँड जवळचा वाटतो. २०१८मध्ये आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ चित्रपटाने दुसऱ्या गटाचे पारडे जड केले. रामी मालेकला ऑस्कर मिळाले आणि ज्यांचा जन्मच मर्क्युरीच्या मृत्यूनंतरचा, अशा मुलांच्या मोबाइलमध्ये ही गाणी आली. या वादात एक तिसरा काळ मात्र जवळजवळ विसरला जातो, तो १९८७ ते १९९१चा. मर्क्युरीचे आयुष्य नीट पाहिले तर हाच काळ सर्वात थक्क करणारा आहे.

पाचगणीशी नाते काय?

फ्रेडी मर्क्युरीचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. हे आडनाव गुजरातमधल्या बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला बोटीने भारतात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले. सुट्ट्यांसाठी दरवेळी झांझिबार गाठणे शक्य नव्हते, त्यामुळे त्या बऱ्याचदा मुंबईतल्या नातेवाइकांकडे जात.

पाचगणीतच तो पियानो शिकला, तिथेच ‘फ्रेडी’ झाला आणि बारा वर्षांचा असताना चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा शाळेचा बँडही त्याने तिथेच काढला. गंमत म्हणजे या बँडचा तो मुख्य गायक नव्हता, पियानोवादक होता. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल लगेच पियानोवर वाजवून दाखवण्याची त्याची हातोटी शाळेतल्या मित्रांच्या कायम लक्षात राहिली. १९६३मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टममध्ये आले. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर त्याने बालपणाबद्दल बोलणे बहुतेक टाळले. त्यामुळे जगातला हा एवढा मोठा रॉक गायक पाचगणीत वाढला, हे महाराष्ट्रातही अनेकांना चित्रपट आल्यावरच कळले.

चौघे एकत्र कसे आले?

लंडनमध्ये त्याने ईलिंग आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली आणि रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. टेलर आणि ब्रायन मे यांच्या ‘स्माइल’ या बँडचा गायक १९७०मध्ये बाहेर पडला आणि ती जागा फ्रेडीने घेतली. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्याने दिले, स्वतःचे आडनाव मर्क्युरी केले आणि चौघांच्या राशींवरून बँडचे मानचिन्हही स्वतःच रेखाटले. १९७१मध्ये बास गिटारवर जॉन डीकन आला.

या मंडळींचे शिक्षण पाहण्यासारखे आहे. मे भौतिकशास्त्राचा, टेलरने दंतवैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडलेला, तर डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. मेने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच बनवली होती, तीही जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून. डीकनला कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला, त्यापासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर तयार केला आणि तो बँडच्या अनेक गाण्यांत वाजला. इंजिनीअरिंगचा फायनल इयर प्रोजेक्ट ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरच्या तयार किटवर निभावला, त्यांना ही माहिती जरा टोचेल.

१९७५चा ‘क्वीन’ वेगळा का?

सुरुवातीला या बँडकडे पैसे नव्हते. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत इतर कलाकारांची रेकॉर्डिंग संपल्यावर उरलेल्या रिकाम्या वेळेत, म्हणजे अनेकदा मध्यरात्रीनंतर, त्यांनी पहिला अल्बम केला. तो १९७३मध्ये आला. याच रात्रींत त्यांना स्टुडिओ हेच एक वाद्य असल्याचे उमगले असावे. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन अल्बम आले. त्यातला १९७५चा ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ हा या काळाचा कळस, आणि त्यातले ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे मर्क्युरीने लिहिलेले गाणे.

आज लॅपटॉपवर आवाजाचे शंभर थर चढवणे हा पाच मिनिटांचा खेळ आहे. तेव्हा टेपवर फक्त २४ ट्रॅक होते. ते भरले की त्यातले काही एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे, पुन्हा एकत्र करायचे. प्रत्येक फेरीत टेप यंत्रावर घासली जाते आणि तिच्यावरचा चुंबकीय थर झिजतो. या गाण्याची टेप इतक्या वेळा फिरली, की शेवटी तिच्यातून आरपार दिसू लागले होते. त्यातला ऑपेराचा कोरस म्हणजे मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज. फक्त त्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. मर्क्युरीच्या डोक्यात पूर्ण आराखडा होता. बाकीच्यांना मात्र तुकडे जोडले जाईपर्यंत आपण नेमके काय गातोय, याचा पत्ता नव्हता.

गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे झाले. रेडिओवर एवढे लांब गाणे कोणी वाजवणार नाही, असे कंपनीचे मत पडले. पण केनी एव्हरेट या निवेदकाने ते लंडनच्या रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजवले आणि ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

मग बँड बदलला का?

बदलला, आणि जाणूनबुजून. आपण सिंथेसायझर वापरत नाही, हे अल्बमच्या वेष्टनावर अभिमानाने छापणाऱ्या या बँडने १९८०च्या ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर वापरलाच. म्युनिकमध्ये रेकॉर्ड केलेल्या या अल्बममधली दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातले एक मर्क्युरीला हॉटेलात आंघोळ करताना सुचलेले, दुसरे डीकनचे. तिथून १९८२च्या ‘हॉट स्पेस’पर्यंत बँड डिस्कोकडे एवढा सरकला, की जुने चाहते भडकले. खरे तर तो अल्बम म्हणतात तेवढा वाईट नाही, पण त्यात गिटार शोधावी लागते, ही तक्रार रास्त आहे.

या काळावर एक डागही आहे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना १९८४मध्ये ‘क्वीन’ने सन सिटीत कार्यक्रम केले. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेने दंड ठोठावला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. चित्रपटात याचा उल्लेखही नाही.

त्यानंतर १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठीच्या या कार्यक्रमात प्रत्येक कलाकाराला वीसेक मिनिटे होती. ‘क्वीन’ने तेवढ्यात ७२ हजार लोक खिशात घातले. मर्क्युरी नुसते स्वर फेकत होता आणि स्टेडियम ते जसेच्या तसे परत करत होते.

चित्रपट कुठे चुकला?

चित्रपटात ‘लाइव्ह एड’च्या आधी बँड फुटलेला दाखवला आहे आणि मर्क्युरीला आपल्या आजाराची कल्पना आलेली आहे. प्रत्यक्षात बँड त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत दौऱ्यावर होता. एचआयव्हीचे निदान झाले ते १९८७मध्ये. म्हणजे वेम्बलीवरचा मर्क्युरी मरणाच्या छायेत गात नव्हता. हा बदल नाट्यमय असला, तरी त्यामुळे एक नुकसान झाले. मरणाच्या छायेत त्याने खरोखर जे काम केले, ते पडद्यावर आलेच नाही.

शेवटची चार वर्षे

९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थ येथे त्याचा ‘क्वीन’बरोबरचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. निदानानंतर त्याने आधी एक जुनी हौस पुरी केली. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर त्याने ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला. १९७५मध्ये टेपचे थर चढवून उभी केलेली ऑपेरा आता खऱ्या ऑपेरा गायिकेसमोर उभे राहून गायची होती.

बँडमध्येही एक बदल झाला. कोणाचे गाणे, म्हणजे पैसे कोणाचे, यावरून चौघांत वर्षानुवर्षे कुरबुरी होत्या. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून सगळी गाणी चौघांच्या नावावर लागू लागली. हे वरवर हिशेबाचे कलम वाटते. पण त्यामुळे गाणे निवडताना ते कोणाचे आहे हा प्रश्न उरला नाही. फेब्रुवारी १९९१मध्ये आलेल्या ‘इन्युएंडो’त त्याचा परिणाम ऐकू येतो. साडेसहा मिनिटांचे शीर्षकगीत, मध्येच स्पॅनिश गिटार आणि थेट १९७५ची आठवण करून देणारी हिंमत त्यात आहे. याच अल्बममधल्या ‘द शो मस्ट गो ऑन’चे उंच स्वर मर्क्युरीला या अवस्थेत पेलतील का, याची मेला शंका होती. चालताही धड न येणाऱ्या मर्क्युरीने ते व्होडकाचा घोट घेऊन गायले.

त्याने आजार बाहेर सांगितला नाही, यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. एड्सग्रस्तांना समाज वाळीत टाकत असताना एवढ्या मोठ्या कलाकाराने आधी बोलायला हवे होते, हा मुद्दा खोडता येत नाही. दुसरी बाजू अशी, की लंडनमधल्या त्याच्या घराबाहेर छायाचित्रकारांचा पहारा होता. काम करायला त्याला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, तळ्याकाठच्या स्टुडिओत जावे लागे. तिथे १९९१च्या मे महिन्यात, तब्येत साथ देईल तेवढे तास तो सहकाऱ्यांकडून ओळी मागून घेत असे आणि गात असे. संगीत नंतर चढवा, आधी आवाज घेऊन ठेवा, असा त्याचा हिशेब होता.

आपल्याला एड्स असल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला त्याचे निधन झाले. वय ४५. अंत्यविधी झरतुष्ट्री धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाला. त्या नाताळात ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आली.

माँत्रोत घेऊन ठेवलेल्या आवाजावर उरलेल्या तिघांनी पुढे काम केले आणि १९९५मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे राहिले होते. थोडी विश्रांती घेऊन ते पूर्ण करतो, असे सांगून मर्क्युरी स्टुडिओतून गेला होता. अल्बममध्ये ते कडवे ब्रायन मेच्या आवाजात आहे.