हंबोल्टचे सहा दिवस

आमचे दादा खडीच्या खाणीवर काम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, असे भूगोलाच्या तासाला सरांनी सांगितले, तेव्हा मला प्रथम दादांचे फुटलेले हात आठवले. मग ज्वालामुखींविषयी ग्रंथालयात शोधता शोधता अलेक्झांडर फॉन हंबोल्ट भेटला.

त्याचा जन्म १७६९ सालचा, बर्लिनचा. वडील लवकर वारले. आईला मुलगा सरकारी अधिकारी व्हायला हवा होता. याचे मन मात्र दूरच्या देशांत. आईच्या इच्छेखातर तो खाणींचा निरीक्षक झाला. तेथे खाणकामगारांचे अज्ञान पाहून १७९३ साली त्याने श्टेबेन गावी त्यांच्यासाठी स्वतःच्या पैशाने शाळा काढली. एवढे वाचले आणि मी पुस्तक घरी नेले.

१७९६ साली आई वारली, मोठा वारसा हाती आला आणि त्याने नोकरी सोडली. (वारसा नसता तर? हा प्रश्न माझ्यासारखीला पडतोच.) जून १७९९ मध्ये एमे बोंप्लां या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रासह तो स्पेनहून दक्षिण अमेरिकेला निघाला. वाटेत आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथे जहाज सहा दिवस थांबले.

ते सहा दिवस त्याने वाया घालवले नाहीत. लख्ख उन्हातली ही बेटे ज्वालामुखीतून वर आलेली. तेथील तैदे शिखर ३,७१५ मीटर उंच. आदल्याच वर्षी त्याच्या कुशीतून लाव्हा वाहिला होता. हंबोल्ट ते चढला. खाली द्राक्षमळे, वर लॉरेलची झाडी, मग पाइन, मग रेतामाची झुडपे, शेवटी नुसते गवत. उंचीबरोबर वनस्पती कशा पट्ट्यापट्ट्याने बदलतात, हे त्याने येथे डोळ्यांनी पाहिले. पुढे १८०२ मध्ये अँडीजमधल्या चिंबोराझोवर हाच विचार पक्का झाला. माथ्यावर हात-तोंड गारठत होते आणि तापलेल्या जमिनीने बूट करपत होते. तेथल्या मूळच्या ग्वांचे लोकांचीही त्याने विचारपूस केली. पण स्पॅनिशांनी पंधराव्या शतकात बेटे जिंकल्यानंतर त्यांची भाषासुद्धा मरून गेली होती.

पुढे पाच वर्षे तो अमेरिकेत हिंडला. गुलामांचा बाजार पाहिला आणि जन्मभर गुलामगिरीविरुद्ध लिहिले. त्याला हिमालयही पाहायचा होता. १८१४ नंतर लंडनला खेटे घातले, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. दुसऱ्यांच्या वसाहतींतला अन्याय लिहिणारा माणूस कंपनीला कशाला हवा असेल, असे आपले मला वाटते. वारसा प्रवासांत आणि ग्रंथ छापण्यात संपला. मग प्रशियाच्या राजाच्या दरबारी चाकरी करावी लागली. १८५९ साली तो वारला तेव्हा उरलेसुरले नोकराच्या नावे होते.

हे सारे मी दादांना सांगितले. त्यांनी एकच विचारले, तिकडचा दगड आपल्यासारखाच कठीण आहे का? मी म्हटले, तैदेच्या पायथ्याशी एक दगड इतका हलका असतो की पाण्यावर तरंगतो. ते त्यांना अजून पटलेले नाही.